सावली कुठून जाणार?

२२ जुलै २००९. खग्रास सूर्यग्रहण पाहायला बिहारमधल्या तारेगणा गावात पहाटेपासून माणसांची ही गर्दी. दुर्बिणी, कॅमेरे, सगळी जय्यत तयारी होती. पण पावसाळी ढग हटलेच नाहीत. दिवसा अंधार पडला, झाकलेला सूर्य मात्र दिसला नाही.

तेच ग्रहण आता परत येतंय, २ ऑगस्ट २०२७ला.

१८ वर्षं, ११ दिवस आणि साधारण ८ तासांनी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास त्याच स्थितीत येतात. हे सॅरोस चक्र. वरच्या ८ तासांत पृथ्वी स्वतःभोवती आणखी एक तृतीयांश फिरते, म्हणून चंद्राच्या सावलीचा पट्टा पश्चिमेला सरकतो. २००९ला तो सुरत, वाराणसी, पाटण्यावरून चीनकडे गेला. या वेळी दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, लिबिया, इजिप्त, मग मक्का, येमेन आणि सोमालिया.

यातलं एकच ठिकाण निवडायचं तर इजिप्तमधलं लक्झर. दुपारी एकच्या सुमारास, सूर्य जवळजवळ डोक्यावर असताना, सहा मिनिटांहून जास्त वेळ खग्रास! एरवी दोन-तीन मिनिटांत सगळं आटोपतं. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य पृथ्वीपासून लांब असतो, म्हणून किंचित लहान दिसतो. चंद्र त्या दिवशी जवळ आलेला, म्हणून मोठा. आणि लक्झरला ऑगस्टात ढग औषधालाही सापडत नाही. ऊन भाजून काढेल, पण ज्यांना शक्य आहे त्यांनी जावंच.

महाराष्ट्रात त्या दिवशी आषाढ अमावास्या, दिव्यांची अवस. दुपारनंतर खंडग्रास ग्रहण लागेल, पण पाऊस उघडला तरच दिसेल. ऊन पडलंच, तर पिठाची चाळणी घेऊन अंगणात या. तिची सावली फरशीवर पडू द्या. प्रत्येक भोकाखाली एक इवलासा सूर्य दिसेल, कडेला कुरतडलेला. वर पाहायचं तर ग्रहणाचा प्रमाणित चष्मा लावूनच. गॉगल नको, एक्स-रेची फिल्म तर मुळीच नको. डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही, त्यामुळे तो भाजतोय हे कळतसुद्धा नाही.

२२ जुलै २०२८चं खग्रास ग्रहण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं. सिडनी शहर थेट पट्ट्यात आहे. तिथल्या मराठी मंडळींना घराच्या अंगणातूनच साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ सूर्याची प्रभावळ पाहता येईल. असा योग सहसा कुणाच्या दारी येत नाही.

आपल्याला २१ मे २०३१ची वाट पाहायची आहे. त्या दिवशी कंकणाकृती ग्रहण केरळ आणि तमिळनाडूवरून जाईल. मदुराई त्या पट्ट्यात आहे. भर दुपार, आणि केरळात मोसमी पाऊस साधारण १ जूनला येतो, म्हणजे तो अजून पोचायचा असेल. वळवाची सर मात्र कुणी सांगावी. कंकण दिसतानाही चष्मा उतरवायचा नाही, कारण सूर्य पूर्ण झाकला जातच नाही. महाराष्ट्रात हेच ग्रहण खंडग्रास दिसेल.

आणि २० मार्च २०३४. आफ्रिकेतून निघालेली सावली अरबस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून संध्याकाळकडे काश्मीर-लडाखच्या डोंगरांत शिरेल. २००९नंतर भारताच्या भूमीवरचं हे पहिलं खग्रास सूर्यग्रहण. मार्चात तिथे बर्फ असतो, ढगांची खात्री नाही. तरीही जायचंच.