सव्वा रुपया आणि नारळ

नमस्कार मंडळी. आज सुरुवात हिशेबाने. सव्वा रुपया, म्हणजे वीस आणे, आणि वर एक नारळ. बारा वर्षांचा एक मुलगा पुण्यातल्या वाड्यांमध्ये व्हायोलिन वाजवायचा, त्याची ही बिदागी. मुलाचं नाव प्रभाकर जोग. हो, तेच ते, ‘गाणारं व्हायोलिन’वाले.

‘गरिबीतून वर आलेला कलावंत’ अशा विषयावर व्हिडिओ करायचा म्हटलं की मागे एक रडकं संगीत लावायची पद्धत आहे. आणि ते नव्वद टक्के वेळा व्हायोलिनच असतं! आज ते लावणार नाही. आज व्हायोलिन मागे नाही, पुढे आहे.

जोगांचा जन्म २५ डिसेंबर १९३२ चा. म्हणजे बारा वर्षांचे होते तेव्हा साल १९४४-४५. दुसरं महायुद्ध चालू. धान्याला रेशन, रांगा, महागाई. घरची परिस्थिती बेताची. त्या वयाच्या पोराने पेपर टाकले असते, दुकानात पुड्या बांधल्या असत्या. या पोराच्या हातात वाद्य होतं, म्हणून त्याने वाद्य वाजवलं. त्यात फार काव्य शोधू नका. ते कामच होतं.

पण ते ‘सव्वा’ मला फार आवडतं. आपल्याकडे देवाला काही बोलायचं तर सव्वाचंच बोलतात, सव्वा किलो पेढे, सव्वा रुपया दक्षिणा. पूर्ण आकड्यावर थांबायचं नाही, पाव पुढे जायचं, म्हणजे वाढता हात. तेव्हा ही बिदागी अर्धी मजुरी आणि अर्धा आशीर्वाद. नारळाचं तर विचारूच नका. मराठीत ‘नारळ दिला’ म्हणजे नोकरीवरून काढलं. इथे नारळ हाच पगार! मानाचा म्हणून हातात यायचा, आणि घरी गेला की त्याची चटणी होत असणार. मानाने आमटी होत नाही.

आता वाडा डोळ्यासमोर आणा. मी मुद्दाम सदाशिव पेठेत जाऊन आलो. एके ठिकाणी जुन्या वाड्याचा फक्त दिंडी दरवाजा उरलाय, आत सहा मजली इमारत आणि खाली पार्किंग. तिथल्या वॉचमनला म्हटलं, इथे पूर्वी चौक असेल ना? तो म्हणाला, चौक पुढे आहे, सिग्नलचा. जाऊ दे. वाड्याचा चौक म्हणजे मध्ये उघडं अंगण, भोवती बिऱ्हाडं, वर सज्जा. खाली कोणी वाजवायला बसलं की वरून बायका ऐकणार, पोरं कठड्याला लोंबकळणार. माइक नाही. आवाज पोचला तर पोचला. आणि हे ऐकणारे साधेसुधे नव्हेत, पुणेकर. कीर्तन, नाट्यसंगीत, गणपतीतले मेळे ऐकून तयार झालेले कान. एखादं पद वाजवलंत आणि एक जागा चुकली, तर सज्जातून कोणीतरी ती गाऊन दाखवणार. फुकट शिकवणी!

आणि इथेच माझा मुद्दा आहे. या श्रोत्यांना ती पदं शब्दांसकट पाठ होती. पोराने नुसते सूर वाजवले तरी त्यांना मनात शब्द ऐकू यायला हवेत. नाहीतर चुळबुळ सुरू. पुढे ज्या गोष्टीसाठी जोगांचं नाव झालं, व्हायोलिन ‘गातं’ असं लोक म्हणायला लागले, तिची गरज मला या चौकातच दिसते. हा माझा तर्क आहे, पटला तर घ्या.

पण व्हायोलिन गातं म्हणजे करतं काय? (व्हायोलिन उचलतो.) हे मी महिन्याच्या भाड्याने आणलंय. पहिल्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि काळजीने म्हणाल्या, गॅलरीत मांजर अडकलंय का रे?

तर हे बघा. पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, पट्ट्या असतात. ‘ग’ दाबला की ‘ग’ वाजणार. ‘ग’वरून ‘रे’वर पेटी घसरत जाऊ शकत नाही, म्हणून पेटीवर मींड निघत नाही. सतारीला पडदे असतात. याला काहीच नाही. ही काळी पट्टी सपाट, कुठेही खूण नाही. बोट एका केसाने सरकलं की बेसूर. ही झाली अडचण. पण बोट घसरू शकतं, म्हणजे गळ्यासारखं एका सुरातून दुसऱ्यात जाऊ शकतं. ही झाली कमाई. अडचण आणि कमाई एकाच जागेवर बसलेत.

आता उजवा हात. हा गज. गायकाचा जसा श्वास, तसा वादकाचा गज. ‘राम कृष्ण हरी’ म्हणून बघा माझ्याबरोबर. ‘रा’ लांबवला आणि त्यावर तीन सूर घेतले, तरी अक्षर एकच आहे. म्हणून बोटं तीन पडली तरी गज फिरवायचा नाही. ‘म’ला हलकं टेकायचं. ‘कृष्ण’मधलं जोडाक्षर आलं की गजाला बारीकसा दाब. म्हणजे डावा हात चाल वाजवतो आणि उजवा हात शब्द उच्चारतो. नवशिका सुराला एक गज मारतो, आणि मग सरगम ऐकू येते, गाणं नाही. यासाठी वादकाला गाण्याचे शब्द तोंडपाठ हवेत, आणि गायक कुठे श्वास घेतो तेही. सांगायला दोन मिनिटं लागली. हातात यायला वर्षं जातात, आणि त्या वर्षांत कोणी पैसे देत नाही.

जोग गजाननबुवा जोशींकडे शिकले. बुवा स्वतः गवई आणि व्हायोलिनवादकही, दोन्हींत मोठं नाव. गाणं आणि गज एकाच माणसाकडे.

आता गोष्ट येते १९५५ ला. पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू होऊन दीडच वर्ष झालंय, २ ऑक्टोबर १९५३ ला ते सुरू झालं. केंद्रावर सीताकांत लाड. त्यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकर लिहिणार, सुधीर फडके चाली देणार, आणि दर आठवड्याला रामकथेतलं एक नवं गीत. हेच ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५, रामनवमीला पहिलं गीत लागलं. ठरलं होतं बावन्न आठवड्यांचं, पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आला आणि गीतं झाली छप्पन्न. बावीस वर्षांचे जोग त्या वाद्यवृंदात व्हायोलिनला.

फडक्यांबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण तेही याच वाटेने आलेले. कोल्हापूरचे, जन्म २५ जुलै १९१९. पाळण्यातलं नाव राम. आई लहानपणीच गेली, घर उतरणीला लागलं. कोल्हापुरात वामनराव पाध्यांकडे गाणं शिकले, मग मुंबईत पोटासाठी पडेल ते काम, उपासमार, आणि गाणं करत करत उत्तर हिंदुस्थानात भटकंती. पुण्याच्या प्रभात कंपनीत ते संगीतकार म्हणून आले तेव्हा १९४६ उजाडलं होतं. तोवरचा काळ त्यांनी कशाच्या बळावर काढला असेल? लोक लगेच म्हणतील, श्रद्धा. मीही म्हणतो. पण श्रद्धा म्हणजे देव्हाऱ्यापुढे डोळे मिटून बसणं एवढंच चित्र काढू नका. खिशात दमडी नाही, पुढचं गाणं कुठे होणार ते माहीत नाही, आणि तरी सकाळी उठून माणूस षड्ज, म्हणजे ‘सा’, लावतो. गिऱ्हाईक नसताना दुकान उघडायचं आणि झाडूनही ठेवायचं, तसलं काहीतरी ते आहे.

आणि आता आठवड्याला एक गीत हे गणित बघा. कवीने लिहायचं, मग चाल, मग गायक कोण ते ठरवायचं, तालीम, ध्वनिमुद्रण. सकाळी लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसायचे असं जुनी माणसं सांगतात. त्या लोकांना ‘या आठवड्यात सुचलं नाही’ म्हणता येत नाही. मला विचाराल तर चिकाटी मोजायचं याहून चांगलं माप नाही. एखादं अफाट गाणं कोणालाही होऊन जातं. छप्पन्न लागोपाठ?

पुढे फडके गीतरामायण जाहीर कार्यक्रमांतून गाऊ लागले, आणि जोग त्यांच्या साथीला बसत राहिले. सुमारे पाचशे प्रयोग. एकाच माणसाचे श्वास पाचशे वेळा गजावर धरायचे! शिवाय ते फडक्यांचे साहाय्यक झाले, आणि इथे त्यांची एक कमी चमकणारी विद्या उपयोगी पडली. नोटेशन. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवतोय आणि हा माणूस ऐकता ऐकता ती कागदावर उतरवतोय. सिनेसंगीताच्या धांदलीत या माणसाची किंमत किती असेल विचार करा. एवढे वादक बसलेत, स्टुडिओचं मीटर चालू आहे. पुढे हिंदीतल्या मोठमोठ्या संगीतकारांकडे ते वाजवत होते, मराठीत त्यांनी स्वतःही गाणी आणि चित्रपट केले. २०१५ चा लता मंगेशकर पुरस्कार राज्य शासनाने त्यांना दिला. ३१ ऑक्टोबर २०२१ ला ते गेले, पुण्यातच.

प्रतिभेच्या गोष्टी सगळे सांगतात, हे नोटेशनचं कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगितलं. गरीब घरातून आलेल्या मुलाला अशी एक विद्या फार लागते, जिचा उपयोग दुसऱ्याला आज, आत्ता, समोर दिसतो. सूर कळायला कान लागतो. कागद मात्र सगळ्यांना दिसतो.

बरं, आता मी स्वतः वाजवून बघतो. तीन आठवडे झालेत, हसायचं नाही. गजाला राळ लावलीय. ‘राम कृष्ण हरी’, एकदाच. ‘रा’वर गज फिरवायचा नाही...

(वाजवतो.)

फिरला. ‘ष्ण’ला फिरला, ऐकलंत ना? काकूंनी पण ऐकलं असेल. थांबा, परत घेतो.