विक्का: पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं?

श्रोतेहो, नमस्कार.

विक्का हे नाव आता सोलापुरातल्या कॉलेजच्या मुलामुलींच्या मोबाइलवर सर्रास दिसतं. विक्का म्हणजे इंग्लंडातून आलेला, निसर्गाची आणि देवीची उपासना करणारा आणि चेटूकविद्येशी नातं सांगणारा एक धर्म. मेणबत्त्या, स्फटिक, वर्तुळातली पाच टोकांची चांदणी. कुतूहल वाढतं, मग कुणीतरी ऑनलाइन पुस्तक मागवतं आणि हातात पडतो दोनशे तोडग्यांचा संग्रह. प्रेमासाठी गुलाबी मेणबत्ती, पैशासाठी हिरवी. वाचणारा आठ दिवसांत कंटाळतो, नाहीतर घाबरतो. दोन्हीचं कारण एकच: धर्माची ओळख करून घ्यायला तो चुकीच्या दाराने आत शिरलेला असतो. म्हणून आज, हा विषय समजून घ्यायचा तर पुस्तकं कोणती घ्यावीत, कोणत्या क्रमाने वाचावीत आणि त्यांतलं काय आपल्याकडे जसंच्या तसं करू नये, ते सांगते.

सुरुवात या धर्माच्या वयापासून करू. ब्रिटनमधला 1735 चा चेटूकविषयक कायदा 1951 मध्ये रद्द झाला. 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर या निवृत्त कस्टम्स अधिकाऱ्याचं ‘विचक्राफ्ट टुडे’ प्रसिद्ध झालं. ख्रिस्तपूर्व काळापासून गुप्तपणे चालत आलेल्या एका पंथात आपल्याला दीक्षा मिळाली, असं त्याचं म्हणणं. पुस्तकाची प्रस्तावना प्राचीन इजिप्तच्या अभ्यासक मार्गारेट मरे यांची होती. त्यांनी 1921 मध्ये हाच सिद्धान्त मांडला होता आणि इतिहासकारांनी तो पुढे साफ नाकारला. 1999 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’मध्ये धागा न् धागा उसवून दाखवला: फ्रीमेसन या बंधुसंघाचे दीक्षाविधी, एकोणिसाव्या शतकातले जादूचे गुप्त संघ, ॲलिस्टर क्रॉली या इंग्रज गूढविद्यावाल्याचं लेखन, इंग्रजी कवींचं निसर्गप्रेम, आणि या सगळ्याला गार्डनरने दिलेला आकार. म्हणजे विक्का हा विसाव्या शतकातला धर्म आहे. त्याने त्याची किंमत कमी होत नाही. हटनही हे आकसाने लिहीत नाहीत. पण नवा धर्म हजारो वर्षांचा म्हणून विकणाऱ्या पुस्तकावर पुढच्या पानांत विश्वास कसा ठेवायचा?

यातून दुकानातच करता येईल अशी एक परीक्षा मिळते. पुस्तक उघडा आणि इतिहासाचं प्रकरण शोधा. युरोपात नव्वद लाख चेटकिणी जाळल्या, असं तिथे लिहिलेलं असेल तर ते खाली ठेवा. हा आकडा अठराव्या शतकातल्या एका जर्मन लेखकाच्या ढोबळ गुणाकारातून आला. आजचे इतिहासकार मृत्यूंचा अंदाज 40 ते 60 हजार धरतात, आणि त्यातले अनेकजण फाशी गेले. तोही आकडा भयंकरच आहे, फुगवायची गरज नाही. 1990 च्या आधीच्या बऱ्याच पुस्तकांत ही चूक आहे, म्हणून पहिल्या आवृत्तीचं साल बघायची सवय लावा.

आता पुस्तकं. एकट्याने वाचणाऱ्यासाठी सगळ्यात सोपं आहे स्कॉट कनिंगहॅम यांचं ‘विक्का: अ गाइड फॉर द सॉलिटरी प्रॅक्टिशनर’, 1988 चं. भाषा साधी, भाग तीन: आधी विचार, मग आचार, शेवटी एक तयार विधिसंग्रह. गुरू नाही, मंडळ नाही, तरी माणूस ही उपासना करू शकतो, हे या पुस्तकाने घरोघरी पोचवलं. त्यामुळेच परंपरेत दीक्षा घेतलेले लोक त्याच्यावर नाराजही असतात. उणीव म्हणाल तर इतिहास अगदी पातळ आहे. रेमंड बकलंड यांचं 1986 चं मोठं निळं ‘कम्प्लीट बुक ऑफ विचक्राफ्ट’ क्रमिक पुस्तकासारखं आहे, पंधरा धडे आणि धड्याच्या शेवटी प्रश्न. शिस्त आवडणाऱ्याला ते रुचेल, पण त्यातला इतिहास तपासून घ्या.

1979 मध्ये दोन पुस्तकं आली. स्टारहॉक यांचं ‘द स्पायरल डान्स’ देवीच्या उपासनेला स्त्रीवाद आणि पर्यावरणाच्या लढ्याशी जोडतं. त्याची 1999 ची आवृत्ती घ्या, कारण लेखिकेने आपल्याच जुन्या मतांवर त्यात टिपणं जोडली आहेत, कुठे मत बदललं तेही लिहिलं आहे. धर्माच्या पुस्तकात असा प्रामाणिकपणा विरळा. दुसरं, पत्रकार मार्गॉट ॲडलर यांचं ‘ड्रॉइंग डाउन द मून’. ते विधी शिकवत नाही, अमेरिकेतल्या माणसांना भेटून लिहिलेलं आहे. विक्का, ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारे), नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन देवतांचे उपासक हे सगळे एकाच टोपलीतले नाहीत, हे त्यातून नीट कळतं.

माझ्या मते आधी कनिंगहॅमचा पहिला भाग, मग ॲडलर, मग हटन, आणि त्यानंतर कनिंगहॅमचं उरलेलं वाचावं. हटन जड जातात, त्यांना दोन-तीन महिने द्या. तोडग्यांची पुस्तकं वर्षभर आणूच नका. अनेक परंपरांत दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस अभ्यास करायची रीत आहे, ती उगाच नाही.

आता घरी काय करायचं. पुस्तकांत वर्तुळ आखायला सांगतात, परंपरेने नऊ फूट व्यासाचं. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत कपाट-कॉट असताना ते मावत नाही. पाच फूट पुरे, एक चटई आणि भोवती फिरायला जागा. आधी केर काढा. पूर्वेला ऊद किंवा उदबत्ती, दक्षिणेला दिवा, पश्चिमेला पाण्याची वाटी, उत्तरेला मीठ किंवा माती. पाण्यात चिमूटभर मीठ घालून ते कडेने शिंपडतात आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, आपली प्रदक्षिणा असते तसंच. काळ्या मुठीची सुरी लागते असं लिहिलेलं असतं. लहान मुलं असलेल्या घरात ती आणू नका, लाकडाची काठी किंवा नुसतं बोटही चालतं. ते खारं पाणी नंतर तुळशीत ओतू नका. मिठाने मुळं करपतात, ते मोरीत टाका.

कोळशावर ऊद जाळायचा असेल तर धातूच्या भांड्यात दोन बोटं वाळू घाला आणि त्यावर कोळसा ठेवा, नाहीतर तळ तापून फरशी तडकते. खिडकी उघडी हवीच. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो.

पौर्णिमेसाठी इंग्रजी पुस्तकं वेगळं पंचांग घ्यायला सांगतात. आपल्या भिंतीवर ते आहेच. पौर्णिमा संपण्याची जी वेळ छापलेली असते, तोच पूर्ण चंद्राचा नेमका क्षण. फक्त ‘न्यू मून’ शब्द आला की थांबा: काही लेखक त्याने अमावास्या म्हणतात, काही पहिली चंद्रकोर, म्हणजे आपली शुक्ल द्वितीया. दोन दिवसांचा फरक पडतो.

खरी गंमत सणांची. विक्काच्या वर्षात आठ सण आहेत: दोन अयनदिन (सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस), दोन संपातदिन (दिवस-रात्र सारखे), आणि मधले चार, म्हणजे 31 ऑक्टोबर, 1 किंवा 2 फेब्रुवारी, 1 मे आणि 1 ऑगस्ट. हे चक्र इंग्लंड-आयर्लंडच्या शेतीवर बसवलेलं आहे. लंडनमध्ये जूनचा मोठा दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो आणि डिसेंबरचा लहान दिवस आठ तासांनाही कमी पडतो. सोलापुरात हा फरक जेमतेम दोन तासांचा, साधारण तेरा आणि अकरा. डिसेंबरात सूर्य परत यावा म्हणून तिथला माणूस ज्या ओढीने मेणबत्ती लावतो, ती ओढ इथे तशीच कशी येणार? 1 मे त्यांचा फुलांचा सण. आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशीपार असतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. 1 ऑगस्ट त्यांची पहिली कापणी. आपली रब्बी ज्वारी तेव्हा पेरलेलीही नसते. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, डिसेंबर-जानेवारीत हुरडा, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये.

दक्षिणेचं पाहा. पुस्तकं अग्नी दक्षिणेला ठेवतात, कारण इंग्लंडमध्ये दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला असतो. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला जातो. भर दुपारी अंगणात काठी रोवा, सावली दक्षिणेकडे पडलेली दिसेल.

ऑस्ट्रेलियातले अनेक उपासक सहा महिने उलटं चक्र पाळतात, आणि पुस्तकांना ते मान्य आहे. मग आपणही चक्र इथल्या मातीवर बसवायला हरकत नाही. अयन आणि संपात हे चार दिवस आकाशाचे, ते ठेवा. कापणीचा सण ज्वारीच्या काढणीला न्या. मृतांच्या स्मरणाला पितृपक्ष आहे. वेळ अमावास्येला सोलापूर-लातूर-धाराशिव पट्ट्यात लोक शिवारात जातात, कडब्याची कोप करतात, आंबील आणि भज्जी जेवतात. आठ सणांमागची कल्पना समजून घ्यायला त्या दिवशी एखाद्या शेतात जाणं अनेक प्रकरणांहून जास्त उपयोगाचं आहे. आणि सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीच्या सुमाराला भरते, पण सूर्य उत्तरेला वळतो तो 21-22 डिसेंबरलाच. पृथ्वीचा आस हळूहळू फिरत असल्यामुळे हे अंतर पडलं आहे. टिपणवहीत दोन्ही तारखा लिहा.

वनस्पतींबाबत मात्र तडजोड नाही. चेटकिणींच्या म्हणून सांगितलेल्या जुन्या मलमांच्या कृतींत बेलाडोना या विषारी झुडपाचं आणि धोत्र्याचं नाव येतं. धोत्रा आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उगवतो. त्यातल्या ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिनने भ्रम होतो, छाती धडधडते, जीवही जातो. तो खायचा नाही, जाळायचा नाही, अंगाला लावायचा नाही. पेनीरॉयल या पुदिन्याच्या जातीतल्या वनस्पतीच्या तेलाचा उल्लेख दिसला तर तेही टाळा. पोटात गेलं तर यकृत निकामी होतं, गरोदर बाईला तर फारच घातक.

पुस्तकं वाचून कुणी गुरू शोधू लागतं. गार्डनरच्या परंपरेत दीक्षेचे पैसे घ्यायचे नाहीत हा नियम आहे, आणि जबाबदार मंडळं अठरा वर्षांखालच्यांना घेत नाहीत. कुणी हजारो रुपये मागितले, घरच्यांपासून लपवायला सांगितलं, एकट्याने भेटायचा आग्रह धरला, की तिथून उठा. अंगात शक्ती असल्याचं भासवून कुणी फसवत असेल, किंवा एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळत असेल, तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार करता येते.

ही सगळी पुस्तकं इंग्रजीत आहेत. जुन्या प्रती चालतील, फक्त स्टारहॉक आणि ॲडलर यांच्या सुधारित आवृत्त्याच मागा, पहिल्या आवृत्तीत नंतरच्या दुरुस्त्या नाहीत. दोघंतिघं मिळून एकेक प्रत घ्या आणि आठवड्याला एक प्रकरण वाचा.