दोनाचे चार भाग

मागे मी एक अगदी छोटं फंक्शन लिहिलं होतं. एक आकडा घ्यायचा आणि तो अमुक जणांत वाटायचा, प्रत्येकाला पूर्णांकच मिळाला पाहिजे. मी काय केलं? भागाकार केला, जवळच्या पूर्णांकाला राउंड केला, तेवढे सगळ्यांना दिले आणि उरलंसुरलं शेवटच्याच्या पदरात टाकलं. १०० तिघांत वाटले की ३३, ३३, ३४. १० दोघांत, ७ तिघांत, शून्य पाच जणांत, सगळं तपासलं. टेस्ट हिरव्या, म्हणजे सगळ्या पास.

मग प्रॉपर्टी टेस्ट लिहिली. म्हणजे ठरावीक इनपुट आणि ठरावीक उत्तर द्यायचं नाही. ‘कुठलंही इनपुट आलं तरी हे खरं असलंच पाहिजे’ असं एक विधान करायचं आणि इनपुट बनवायचं काम लायब्ररीवर, म्हणजे त्यासाठीच्या तयार कोडवर, सोडायचं. माझं विधान होतं, सगळ्या भागांची बेरीज मूळ आकड्याइतकी. हजार रँडम जोड्या चालल्या, एकही पडली नाही. पडणार कशी? शेवटचा भाग मी वजाबाकी करूनच काढत होतो! विधान कसलं, तो माझाच कोड वेगळे कपडे घालून आला होता.

दुसरं विधान लिहिलं: कुणाच्याही वाट्याला उणे आकडा येऊ नये. लगेच फेल. आकडा १२२४, माणसं ९७. प्रत्येकी १३, आणि शेवटच्या बिचाऱ्याला उणे २४. आता १२२४ आणि ९७ कडे बघून काय कळणार? इथे लायब्ररी एक फार गुणाचं काम करते, त्याला श्रिंकिंग म्हणतात. फेल झालेलं इनपुट ती लहान लहान करत जाते आणि ‘अजून पडतंय का?’ ते बघते. शेवटी माझ्यासमोर आलं: आकडा २, माणसं ४. प्रत्येकी अर्धा, राउंड करून एक. तिघांना एकेक दिला, चौथ्याकडून एक वसूल. दोनाचे चार हात होतात हो, दोनाचे चार भाग करताना माझी दांडी उडाली.

प्रॉपर्टी टेस्टची ही कल्पना कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांच्या क्विकचेक या लायब्ररीमुळे पसरली. त्यांचा पेपर २००० सालचा, भाषा हॅस्केल. आज पायथॉनमध्ये हायपोथेसिस नावाची तशीच लायब्ररी आहे, इतर भाषांतही काही ना काही सापडतं. साधनांची अडचण नाही. अडचण एकच, विधान सुचत नाही. ‘सॉर्ट केलेली यादी चढत्या क्रमाने असावी’ एवढंच लिहिलंत तर नेहमी रिकामी यादी परत करणारं फंक्शनही पास होतं. मूळचे सगळे घटक तितक्याच वेळा हजर आहेत का, हेही विचारावं लागतं. काहीच सुचेना तर जुना संथ कोड आणि नवा वेगवान कोड एकाच इनपुटवर चालवा, उत्तरं जुळतात का बघा. मला विचाराल तर हा सगळ्यात कमी कष्टाचा आणि सगळ्यात जास्त बग पकडणारा प्रकार.

फझिंग म्हणजे प्रोग्रॅमवर वेडंवाकडं रँडम इनपुट फेकत राहायचं. त्याकडे लोक वेगळा विषय म्हणून बघतात. माझ्या मते तेही प्रॉपर्टी टेस्टिंगच, फक्त विधान अगदी गरीब: ‘प्रोग्रॅम कोसळू नये.’ १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातले बार्टन मिलर वादळी रात्री घरून फोनलाइनवर लॉगिन झाले होते. लाइनच्या खरखरीमुळे मधेमधे भलतीच अक्षरं घुसत होती आणि त्यामुळे रोजच्या वापरातले प्रोग्रॅम क्रॅश होत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना तोच प्रयोग मुद्दाम करायला दिला. १९९० साली निकाल छापून आले: युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सात आवृत्त्यांवरचे जवळपास ९० प्रोग्रॅम तपासले आणि त्यांतले २४ टक्क्यांहून जास्त कोसळले.

पण नुसता रँडम कचरा दारातच अडतो. फाइलचे पहिले दोन बाइट चुकले की पार्सर, म्हणजे फाइल वाचून तिचा अर्थ लावणारा कोड, आत घेतच नाही. मिखाऊ झालेव्स्की यांच्या एएफएल या फझरने, म्हणजे फझिंग करणाऱ्या प्रोग्रॅमने, यावर तोड काढली. प्रोग्रॅम कंपाइल करतानाच त्यात खुणा पेरायच्या. एखाद्या इनपुटने कोडमधली नवी वाट धरली की ते जपून ठेवायचं आणि पुढचे बदल त्याच्यावर करायचे. २०१४ मध्ये त्यांनी फक्त ‘हॅलो’ हा शब्द असलेली फाइल दिली आणि फझरने तिच्यापासून चालणाऱ्या जेपेग प्रतिमा घडवल्या. जेपेग म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तरी ‘कोसळू नये’ हे विधान अपुरंच. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतला हार्टब्लीड नावाचा बग आठवा, एप्रिल २०१४. समोरच्याने पाठवलेल्या लांबीवर विश्वास ठेवून सर्व्हर शेजारची मेमरी, एका वेळी ६४ केबीपर्यंत, परत पाठवत होता. कोसळत नव्हता, मुकाट्याने गळत होता. अशा वेळी ॲड्रेस सॅनिटायझर हा मेमरीवरचा पहारेकरी लावावा लागतो. हद्दीबाहेरचं वाचन झालं की तो प्रोग्रॅम मुद्दाम पाडतो, तेव्हा कुठे फझरला काही दिसतं.

यावर कुणी विचारेल, रँडम टेस्ट कधी पडतात, कधी नाही, टीम वैतागते, त्याचं काय? वैताग रास्त आहे. सीड, म्हणजे ज्या आकड्यापासून रँडम इनपुट बनतात तो, लॉगमध्ये छापा म्हणजे तीच धाव पुन्हा काढता येते. आणि जे इनपुट सापडलं ते साधी टेस्ट म्हणून कायमचं लिहून ठेवा. माझ्या त्या फाइलमध्ये शून्याच्या टेस्टखाली २ आणि ४ ची जोडी अजून आहे. परवा एका नव्या सहकाऱ्याने विचारलं, हेच आकडे का? त्याला १२२४ पासून सगळं सांगत बसलो.