जखमेला किती विचारावं

डोक्यावर, कपाळावर किंवा नडगीवर काठी बसली तर जखम कशी दिसेल? "वेडीवाकडी, फाटलेली," असं आत्ता तुमच्यापैकी बरेच जण म्हणाले. आणि इथेच फसायला होतं. या जागी कातडीच्या लगेच खाली हाड असतं. फटका बसला की कातडी काठी आणि हाड यांच्यात चेपते आणि सरळ रेषेत उकलते. थेट सुरीनं कापल्यासारखी!

पोलीस आणि न्यायालयासाठी जखमा तपासणारा न्यायवैद्यक डॉक्टर म्हणून शिकाऊ असताना अशाच एका जखमेपुढे मी अहवालात 'धारदार शस्त्र' लिहून मोकळा झालो होतो. वरिष्ठांनी काही न बोलता हातात भिंग दिलं. जखमेच्या कडा हलकेच फाकवल्या, तर तळाशी एका कडेपासून दुसरीपर्यंत बारीक धागे ताणलेले दिसले. न तुटलेले तंतू होते ते, आणि अधूनमधून एखादी बारीक रक्तवाहिनी. सुरी फिरली असती तर हे धागे उरलेच नसते. कडेच्या केसांची मुळंही चिरडलेली होती, कापलेली नव्हती. अहवाल पुन्हा लिहावा लागला. तेव्हापासून मी आधी दिसेल ते लिहितो: लांबी, रुंदी, खोली, कडा आणि हाडाच्या ठरलेल्या खुणेपासूनचं अंतर. मत शेवटी.

कापलेली जखम खोलीपेक्षा लांबीला जास्त असते, भोसकलेलीचं उलट. मग खोलीवरून पात्याची लांबी सांगता येईल का? पोलिसांना आणि वकिलांना तेच हवं असतं. पण पोट दाबलं जातं. जोरानं खुपसलेल्या आठ सेंटीमीटरच्या पात्याची जखम दहा सेंटीमीटर खोल भरू शकते, आणि पातं अर्धवटच आत गेलं असेल तर ती कमीही भरेल. रुंदीचीही तीच गत. कार्ल लँगर या शरीररचनातज्ज्ञानं १८६१ मध्ये दाखवलं, की गोल टोकाच्या हत्यारानं मृतदेहाला भोक पाडलं तरी ते लांबट होतं, कारण कातडीला प्रत्येक ठिकाणी आपली अशी ताणाची दिशा असते. या ताणाला आडवा वार झाला तर जखम आ वासते; ताणाच्या दिशेनं झाला तर तीच जखम मिटलेली दिसते.

मुक्या माराबद्दल एवढंच सांगतो. गोल काठीचा वळ बहुधा दोन समांतर रेषांचा उमटतो आणि मधली पट्टी फिकी राहते, कारण काठीखालचं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं आणि तिथल्या वाहिन्या फुटतात. वळाच्या रंगावरून दिवस मोजणं मात्र सोडून द्या. पिवळी छटा दिसली, तर मार साधारण अठरा तासांपेक्षा जुना असावा. यापलीकडे छातीठोक बोलू नये. शिवाय रक्त खाली उतरतं. कपाळावर मार आणि काळानिळा डोळा, हे नेहमीचंच.

आता मृत्यू. मृत्यूचं कारण आणि मृत्यूचा प्रकार, म्हणजे आत्महत्या, अपघात की घातपात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मानेवर दाब पडून श्वास कोंडला' हे कारण झालं. गळफास की गळा आवळला, हा पुढचा प्रश्न. गळफासाचा व्रण सहसा मानेवर वरच्या बाजूला, तिरका आणि एका बाजूला तुटलेला असतो; दोरीनं आवळल्याचा खाली, आडवा आणि सलग. सहसा, हं! स्वतः करून घेतलेल्या मोठ्या घावाशेजारी अनेकदा बिचकत केलेले उथळ, समांतर चरे दिसतात. वार अडवणाऱ्याच्या तळहातावर आणि बाहूंवर घाव सापडतात. पण झोपलेला, नशेत असलेला किंवा पाठीमागून गाठलेला माणूस हात वर कुठून करणार? खून की मनुष्यवध, याचं उत्तर हेतूत आहे, आणि हेतू शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसत नाही. ते न्यायालयानं ठरवायचं.

लैंगिक अत्याचाराच्या तपासणीत हीच चूक उलट्या बाजूनं होते. 'इजा नाही' असं लिहिलं की वाचणारा 'घटना नाही' असं वाचतो. प्रत्यक्षात इजा नसणं अगदी नेहमीचं आहे. भीतीनं माणूस थिजतो. धमकी असते, गुंगी असते. जननेंद्रियांची ऊती लवचिक असते आणि बारीक ओरखडे काही दिवसांतच भरून येतात. योनिपटलावरून, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्यावरून, पूर्वी संबंध आले होते की नाही, हे सांगता येत नाही. कौमार्य चाचणीला वैद्यकीय आधार नाही आणि ती बंद व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. आणि शरीरावर खूण सापडली, तरी ती संमती होती की नव्हती हे सांगत नाही.

या कामात उपचार आधी. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करायची, मग कागदपत्रं कितीही थांबोत. तपासणीची परवानगी घ्यायची, तीही प्रत्येक टप्प्यावर. 'इथे नको' म्हटलं की तिथे नको. योनीमार्गातले नमुने पहिल्या तीन दिवसांत सर्वांत उपयोगी पडतात. तोंडातला पुरावा त्याच्या खूप आधी नाहीसा होतो. म्हणून घशाला कोरड पडलेल्या माणसाला तासभर ताटकळत ठेवू नका. तोंडातला नमुना आधी घ्या आणि लगेच पाणी द्या.

कपडे ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचे. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, जंतू वाढतात आणि डीएनए कुजतं. पाकिटावर नमुना कुठला, कुणी घेतला, किती वाजता, हे सगळं तिथल्या तिथे लिहायचं. नुसतं 'नमुना ३' लिहिलेली पाकिटं प्रयोगशाळेत येतात. मग फोन होतात, आणि घेणाऱ्यालाही तोवर आठवत नसतं.