पिना धावते तेव्हा : आन्ना मान्यानी

रोममधील कामगारवस्तीतला एक रस्ता. जर्मन सैनिकांनी इमारतीतल्या रहिवाशांना खाली उतरवले आहे, आणि लग्नाच्या दिवशीच पिनाच्या होणाऱ्या नवऱ्याला ट्रकमधून नेले जात आहे. सैनिकांच्या तावडीतून ती निसटते, हात उंचावून ‘फ्रांचेस्को, फ्रांचेस्को’ असे ओरडत ट्रकमागे धावत सुटते, आणि गोळ्या झाडल्याचा आवाज येतो. रस्त्यात पडलेल्या आईकडे तिचा लहान मुलगा धाव घेतो.

रोबेर्तो रोस्सेलिनी यांच्या १९४५ मधील ‘रोम, ओपन सिटी’ या चित्रपटातले हे दृश्य काही क्षणांचेच आहे. त्यामागे घडलेली गोष्ट होती: ३ मार्च १९४४ रोजी तेरेसा गुल्लाचे ही पाच मुलांची गर्भवती आई, पकडून नेलेल्या नवऱ्यासाठी रोममधील एका बराकीसमोर गेली असता, जर्मन सैनिकाच्या गोळीला बळी पडली होती. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा रोम मुक्त होऊन जेमतेम काही महिने लोटले होते. अभिनयाचा मागमूसही न जाणवता त्या बाईचे मरण पडद्यावर उभे करणारी अभिनेत्री म्हणजे आन्ना मान्यानी.

७ मार्च १९०८ रोजी रोममध्ये जन्मलेल्या आन्ना यांना वडिलांचा सहवास कधी लाभला नाही. आई इजिप्तला निघून गेली आणि आजीने त्यांना वाढवले. नाट्यशिक्षणानंतर त्यांनी कॅबरेमध्ये गाणी गायली, आणि युद्धकाळात विनोदी नट तोतो यांच्यासह संगीत-विनोदी कार्यक्रमांतून रोमच्या प्रेक्षकांना हसवले. रोमच्या बोलीवरची त्यांची पकड या रंगमंचावर पक्की झाली असावी, असे मला वाटते.

लुकिनो व्हिस्कोन्ती यांच्या १९५१ च्या ‘बेल्लिस्सिमा’मध्ये त्या लहानग्या मुलीला सिनेमात आणण्यासाठी धडपडणारी आई झाल्या. आरशासमोर केस विंचरता विंचरता ही आई, अभिनय म्हणजे शेवटी असते तरी काय, असा विचार करू लागते. आणि पुढे, पडद्यावर रडणाऱ्या आपल्या मुलीला पाहून स्टुडिओतली माणसे हसतात तेव्हा तिचा चेहरा जो पालटतो, त्याला संवादाची गरजच उरत नाही.

नाटककार टेनेसी विल्यम्स यांनी ‘द रोझ टॅटू’मधील सेराफिना त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती. इंग्रजीचा भरवसा नसल्यामुळे आन्ना यांनी रंगमंचावर ती भूमिका नाकारली. १९५५ मधील चित्रपटात मात्र त्यांनी ती केली, आणि सर्वोत्तम अभिनेत्रीचे ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या इटालियन ठरल्या. दिग्दर्शक पाझोलिनी यांचा, आन्ना यांची मुख्य भूमिका असलेला ‘मम्मा रोमा’ १९६२ मध्ये आला. त्यानंतर चांगल्या भूमिका विरळ होत गेल्या, याची खंत वाटते.

फेलिनी यांच्या १९७२ मधील ‘रोमा’त त्या क्षणभर दिसतात. रात्री घरी परतताना दिग्दर्शक त्यांना गाठतो. त्या त्याला झोपायला जायला सांगतात, त्याच्यावर आपला विश्वास नसल्याचे हसून सांगतात आणि दार लावून घेतात. २६ सप्टेंबर १९७३ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. एकेकाळी अभिनेत्री इंग्रिड बर्गमन यांच्यासाठी त्यांना सोडून गेलेले रोस्सेलिनी अखेरच्या दिवसांत त्यांच्या उशाशी होते, आणि आन्ना यांना प्रथम रोस्सेलिनी कुटुंबाच्याच दफनगृहात ठेवण्यात आले. पुढे त्यांना सान फेलिचे चिर्चेओ या समुद्रकाठच्या गावी नेण्यात आले.