रोटुंडातलं बाळ कोणाचं?

[दृश्य : डब्लिन, पार्नेल स्क्वेअर. पहाटेचा पाऊस. रुग्णालयाच्या दाराशी टॅक्सी थांबते. एक बाई पोटाला हात लावून हळूहळू उतरते.]

डब्लिनमध्ये ओ'कॉनेल रस्ता जिथे संपतो, तिथे एक जुनी दगडी इमारत उभी आहे. नाव रोटुंडा. हे बाळंतिणींचं रुग्णालय. बार्थोलोम्यू मॉस नावाच्या शल्यविशारदाने १७४५ साली गोरगरीब बायकांसाठी ते सुरू केलं आणि ते आजतागायत बंद पडलेलं नाही. इथल्या मुख्य डॉक्टरला अजूनही 'मास्टर' म्हणतात. दुष्काळ, बंड, यादवी, दोन महायुद्धं येऊन गेली, पण इथला पाळणा हलतच राहिला.

एप्रिल १९१६. ब्रिटिशांविरुद्धचा ईस्टरचा उठाव मोडून पडला आणि शरण आलेल्या बंडखोरांना एक अख्खी रात्र याच रुग्णालयाच्या हिरवळीवर उघड्यावर बसवून ठेवलं गेलं. त्याच महिन्यात इकडे बेळगावात लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. 'होमरूल' हा शब्दच मुळी आयर्लंडचा. आणि 'जन्मसिद्ध हक्क' हा शब्द आपण टिळकांकडून शिकलो.

आजची गोष्ट याच शब्दाची आहे.

[दृश्य : बेलफास्ट, १९९८. करारानंतरची जुनी छायाचित्रं.]

१० एप्रिल १९९८, गुड फ्रायडे. ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमधला तीस वर्षांचा रक्तपात थांबवणारा करार झाला. त्यासाठी आयर्लंडने आपल्या घटनेचं दुसरं कलम नव्याने लिहिलं. आयर्लंडच्या बेटावर, तिथल्या लहानमोठ्या बेटांवर आणि समुद्रावर जन्मलेल्या प्रत्येकाला आयरिश राष्ट्राचा भाग असण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे, असं ते कलम सांगतं. ९४ टक्के मतदारांनी त्याला कौल दिला.

बेटावर जन्मलेल्याला नागरिकत्व देण्याची रीत १९५६ च्या कायद्यात होतीच. आता घटनेचा आधार मिळाला. आई-बाप कोण, कुठले, त्यांच्याकडे कागद आहेत का, हे कोणी विचारायचं नाही. बाळ इथे जन्मलं, म्हणजे ते इथलं.

हे कलम लिहिताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बेलफास्टचं मूल होतं. नायजेरियातल्या लागोसहून आलेल्या बाईचं मूल तेव्हा फारसं कोणाच्या मनात नव्हतं.

आणि का असावं? आयर्लंड हा माणसं बाहेर पाठवणारा देश. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त बोटीत बसून निघून गेली. पुढची दीडशे वर्षं हेच चालू. गावोगावी एक तरी घर असं, जिथे अमेरिकेहून येणाऱ्या पत्राची वाट पाहिली जाई. १९९२ मध्ये साऱ्या देशात आश्रय मागणारे अर्ज आले ते ३९. एका एसटीत मावतील एवढी माणसं.

मग भरभराट आली. सॉफ्टवेअर, औषधं, बांधकाम. हाताला काम मिळू लागलं, तशी माणसं यायला लागली. २००२ मध्ये आश्रयाचे अर्ज ११,६३४ झाले. दहा वर्षांत ३९ वरून साडेअकरा हजारांवर. कोणताही देश एवढ्याने दचकेल, आणि आयर्लंडही दचकलं. त्याबद्दल मी कोणाला नावं ठेवणार नाही.

[दृश्य : प्रसूती कक्षाचा लांब व्हरांडा. बाकावर बसलेल्या बायका.]

या दचकण्याला तोंड फुटलं ते प्रसूतिगृहांतून. दिवस भरलेल्या काही बायका थेट दाराशी येऊन उभ्या राहत. आधीच्या तपासण्यांचे कागद नाहीत, रक्तगट माहीत नाही, भाषा कळत नाही. ज्या दाईने असं बाळंतपण हातात घेतलंय तिला विचारा, हे किती जोखमीचं असतं. ही अडचण खरी होती.

पण तिच्यावर जो इलाज काढला गेला, तो रुग्णालयाचा नव्हता. न्यायमंत्री मायकेल मॅक्डॉवेल म्हणाले, बायका नागरिकत्वासाठी इथे येऊन बाळंत होतात, घटनाच बदलायला हवी. त्यासाठी सार्वमत घ्यायचं ठरलं. त्यांनी मास्टरांचा हवाला दिला. मास्टरांनी उघडपणे सांगितलं की आम्ही घटनादुरुस्ती मागितलेली नाही. त्यांची तक्रार खाटा, माणसं आणि ताण यांच्याबद्दल होती. कायदा त्यांनी मागितलाच नव्हता.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या प्रचारात एक गोष्ट पार दडपली गेली. आयरिश बाळ जन्मलं की आई-बापांना राहायला मिळतं, असा समज होता, आणि तो एके काळी खराही होता. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की नागरिक असलेल्या मुलाला आई-बापांच्या सहवासाचा हक्क आहे आणि गंभीर कारण असल्याखेरीज तो मोडता येणार नाही. पण जानेवारी २००३ मध्ये त्याच न्यायालयाने हा हक्क सैल केला. मूल आयरिश असलं तरी आई-बापांना परत पाठवता येईल, असा निकाल दिला. म्हणजे बाळामुळे राहायला मिळण्याचा रस्ता सार्वमताच्या सोळा महिने आधीच बंद झालेला होता. दार लावून झाल्यावर दाराला दुसरं कुलूप घालायचं, आणि घरात चोर शिरलेत असं गावभर सांगायचं, असं ते झालं.

त्यातच एक खटला मंत्र्यांच्या हाती आयता आला. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे येऊन-जाऊन असलेली एक सधन चिनी आई वकिलांचा सल्ला घेऊन बेलफास्टला गेली आणि तिथे बाळंत झाली. बेलफास्ट ब्रिटनच्या ताब्यात, पण बेट आयर्लंडचं. मुलगी आयरिश नागरिक झाली, म्हणजे युरोपीय नागरिकही. आईने तिच्या जोरावर ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क मागितला. मतदानाच्या तीन आठवडे आधी, १८ मे २००४ ला, युरोपीय न्यायालयाच्या महाधिवक्त्याने आई-मुलीच्या बाजूने मत दिलं. प्रचाराला याहून मोठं इंधन काय हवं होतं? ती बाई पैसेवाली होती, कायद्याने वागत होती आणि तिला आयर्लंडमध्ये राहायचंही नव्हतं. तरी तिच्याकडे बोट दाखवून रोटुंडाच्या बाकावरच्या बाईबद्दल मत मागितलं गेलं.

[दृश्य : विजेच्या खांबांवर पक्षांचे फलक. मतदान केंद्र म्हणून वापरलेली शाळा.]

११ जून २००४. स्थानिक निवडणुका, युरोपीय निवडणुका आणि त्यांच्याच जोडीला हे सार्वमत. सत्तेतले फिएना फॉल आणि प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स बाजूने, विरोधातला फिना गेल पक्षही बाजूने. लेबर, ग्रीन आणि शिन फेन विरोधात. शिन फेनचं म्हणणं असं की शांतता कराराची शाई वाळली नाही तोच त्यातल्या वचनाला हात लावताय.

निकाल : घटना बदलायच्या बाजूने ७९ टक्के, विरोधात २१ टक्के.

या ७९ टक्क्यांना सरसकट वंशद्वेष्टे म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. त्याच्या ४१ दिवस आधी, १ मे ला, पूर्व युरोपातले देश युरोपीय महासंघात आले, तेव्हा पहिल्या दिवसापासून त्यांच्या कामगारांना मोकळीक देणाऱ्या तीनच जुन्या देशांत आयर्लंड होतं. पोलिश गवंडी आला, लिथुआनियन वेट्रेस आली, कोणी दारं आपटली नाहीत. म्हणजे परकं माणूस चालत होतं. मग नको काय होतं? मला वाटतं, आपल्याला कोणी फसवतंय ही भावना नको होती. आणि ही भावना बहुतेक वेळा एका काळ्या, गरोदर बाईच्या चित्रात दाखवली गेली. गरोदर बाई दिसली की लोक तिच्या पोटाकडे बघून हिशेब करू लागले होते, असं त्या काळात तिथे राहिलेल्या आफ्रिकी बायका सांगत आल्या आहेत.

शब्दांचंही तसंच. आश्रय मागणं हा गुन्हा नाही. अर्ज केलेला माणूस निकाल लागेपर्यंत देशात कायदेशीरपणेच राहत असतो. पण बोलताना सगळ्यांना एकच शब्द लागला, 'बेकायदा'. आपल्याकडे 'घुसखोर' म्हटलं की पुढची चौकशी बंद होते, तसंच. आणि आपल्याकडेही हा कायदा त्याच सुमारास बदलला, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील यांपैकी एक जरी बेकायदा स्थलांतरित असला, तरी ते मूल जन्माने भारतीय होत नाही. आयर्लंडचा नवा कायदा लागू झाला १ जानेवारी २००५ ला. दोन्ही देशांत जेमतेम चार आठवड्यांचं अंतर.

[दृश्य : स्वयंपाकघरातलं टेबल. त्यावर दोन पासपोर्ट, प्लास्टिकची कार्डं, कॅलेंडर, पेन.]

नवा नियम असा : आई-बापांपैकी कोणी आयरिश किंवा ब्रिटिश नसेल, निर्वासित म्हणून मान्यता मिळालेलं नसेल, कायमच्या वास्तव्याची मुभा असलेलं नसेल, तर त्यांच्यापैकी एकाने बाळाच्या जन्माआधीच्या चार वर्षांत तीन वर्षं आयर्लंडच्या बेटावर वैध वास्तव्य केलेलं हवं. शिकायला आल्याची वर्षं धरत नाहीत. आश्रयाच्या अर्जावर वाट पाहण्याची वर्षं धरत नाहीत. कागदांवाचून राबलेली वर्षं तर नाहीतच.

हा हिशेब डब्लिनमधल्या मराठी घरांनाही ठाऊक आहे. समजा, पुण्याची मुलगी एमएस करायला गेली, मग नोकरी लागली, लग्न झालं, नवरा उशिरा आला. सातव्या महिन्यात दोघं रात्री टेबलाशी बसतात आणि वास्तव्याच्या परवान्यांची जुनी कार्डं काढतात. हे कधी संपलं, नवीन कधी मिळालं, मधले अकरा दिवस धरायचे की नाही? तीन वर्षं भरायला दोन आठवडे कमी पडले, तर रोटुंडात जन्मलेल्या बाळासाठी भारतीय दूतावासात जायचं आणि भारतीय पासपोर्ट काढायचा. त्यांच्यावर आभाळ कोसळत नाही. परतायला देश आहे, आजी-आजोबा आहेत. पण ज्या बाईला परतायची सोयच नाही, तिच्या बाळाचं काय, हे त्या टेबलाशी बसलं की कळतं.

याच रोटुंडात १८ जानेवारी १९७९ ला एक बाळ जन्मलं. वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर, आई आयरिश नर्स. मुलाचं नाव लिओ वराडकर. २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये वराडला आले, तेव्हा गाव लोटलं होतं. आई आयरिश असल्यामुळे हा कायदा त्यांना कधीच आडवा आला नसता. पण त्यांच्याच कारकिर्दीत, २०१८ मध्ये, हा प्रश्न पुन्हा पेटला. ब्रे गावातला नऊ वर्षांचा एक मुलगा. आयर्लंडमध्ये जन्मलेला, तिथल्याच शाळेत जाणारा, चीन कधी न पाहिलेला. त्याला आईबरोबर परत पाठवायचं ठरलं. त्याच्या वर्गातल्या मुलांनी, पालकांनी, शिक्षकांनी गाव उठवलं. हजारो सह्या झाल्या. तेव्हाचे आरोग्यमंत्री सायमन हॅरिस त्याच भागातले, तेही त्याच्या बाजूने बोलले. मुलाला राहू दिलं.

त्यानंतर घेतलेल्या एका चाचणीत ७१ टक्के लोक म्हणाले, इथे जन्मलेल्याला नागरिकत्व मिळायला हवं. चौदा वर्षांपूर्वी ७९ टक्के ज्याच्या विरोधात, त्याच्या बाजूने आता ७१ टक्के. फरक इतकाच की या वेळी समोर एक मुलगा होता, त्याला दप्तर होतं आणि वर्गात त्याचा बाक ठरलेला होता. लेबरच्या इव्हाना बासिक यांनी सिनेटमध्ये विधेयक आणलं. वराडकर सरकारने विरोध केला आणि विधेयकाचा कायदा झाला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. वराडच्या नावाचा माणूस खुर्चीवर असताना हे झालं, म्हणून जरा जास्तच.

अगदी काहीच हललं नाही असं नाही. जुन्या नियमात जन्मलेल्या मुलांच्या आई-बापांना २००५ च्या एका खास योजनेत राहण्याची परवानगी मिळाली, जवळजवळ १७ हजारांना. २०२२ मध्ये कागदांवाचून वर्षानुवर्षं राहिलेल्यांसाठी सहा महिने खिडकी उघडली. २०२३ मध्ये इथे जन्मलेल्या मुलांना नागरिकत्वाच्या अर्जासाठी थांबण्याची अट पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आली. पण अर्ज तो अर्जच. देणं न देणं मंत्र्यांच्या मर्जीवर.

[दृश्य : माउंट स्ट्रीट, २०२४. पदपथावर ओळीने तंबू.]

आणि वारं पुन्हा फिरलंय. २०२४ मध्ये आश्रयाचे साडेअठरा हजारांच्या वर अर्ज आले. माणसं डब्लिनच्या पदपथांवर, कालव्याच्या काठी तंबूत झोपली. घरभाडी इतकी की तिशीतली आयरिश मुलं आई-बापांच्या घरी राहतात. 'आयर्लंड भरलंय' हे फलक घेऊन मोर्चे निघाले. घराचा राग खरा आहे. पण घरं बांधली गेली नाहीत ती बाळांमुळे नाही.

दर मार्चमध्ये आयर्लंडचा पंतप्रधान सेंट पॅट्रिकच्या सणाला हिरव्या शॅमरॉकने, म्हणजे तिथल्या तिपानी रोपाने, भरलेलं काचेचं भांडं घेऊन व्हाइट हाउसमध्ये जातो. कागदांवाचून अमेरिकेत राहणाऱ्या आयरिश लोकांसाठी शब्द टाकण्याची तिथे जुनी परंपरा आहे. बोस्टन-न्यूयॉर्कात त्या लोकांना झालेली मुलं जन्माने अमेरिकन ठरत आली आहेत.

१८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये असंच एक बाळ जन्मलं होतं. आई घरकाम करणारी आयरिश मुलगी, तीनच वर्षांपूर्वी बोटीतून उतरलेली. पुढे मामाबरोबर त्याला लिमरिकमधल्या आजोळी धाडलं गेलं. १९१६ च्या उठावात त्याला मृत्युदंड झाला आणि तो टळला, त्यामागे त्याचा अमेरिकेतला जन्मही होता असं म्हणतात. इतिहासकारांत त्यावर वाद आहे. नाव एमन डी व्हॅलेरा. आयर्लंडची १९३७ ची घटना त्याच्याच देखरेखीखाली लिहिली गेली.

[दृश्य : पुन्हा रोटुंडा. सकाळ झाली आहे.]

पहाटे टॅक्सीतून उतरलेल्या बाईला मुलगी झाली आहे. उशाशी जन्मनोंदणीचे कागद आहेत. त्यात आईचं नाव, बापाचं नाव, धंदा, पत्ता. नागरिकत्वाचा रकाना त्यात नसतो, ते पुढे पासपोर्टच्या खिडकीवर कळतं. नर्स आत येते, बाळाच्या पायावरची पट्टी वाचते, आईच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघते आणि विचारते,

"नाव काय ठेवलंत?"