दुधाच्या हिशेबाखालचे आकडे

[पहाट. चाळीतले स्वयंपाकघर. भिंतीवरची दिनदर्शिका.]

गिरगावातल्या या दोन खोल्यांच्या घरात दिनदर्शिकेच्या चौकटींत वर्षानुवर्षे दुधाचा हिशेब लिहिला गेला आहे. या वर्षी मात्र दुधाच्या आकड्याखाली बारीक पेन्सिलीने आणखी काही नोंदी दिसतात. ‘म ४.२’ म्हणजे मनीचे वजन ४ किलो २०० ग्रॅम, ‘बो ५.१’ म्हणजे बोक्याचे, आणि ज्या सकाळी वाटीत अन्न उरले त्या चौकटीच्या कोपऱ्यात एक टिंब. घरातल्या आजी ही पद्धत कुणाकडून शिकलेल्या नाहीत. दूधवाल्याचे खाडे लिहून ठेवायचे, तसे मांजरांचेही ठेवायचे, एवढाच त्यांचा विचार.

[फरशीवर वजनकाटा. त्यावर प्लास्टिकचा टब. मनी आत शिरते.]

वजनाचा कार्यक्रम दर रविवारी होतो. काट्यावर टब ठेवून आकडा शून्यावर आणायचा, टबात सुक्या बोंबलाचा तुकडा टाकायचा आणि दोन पावले मागे सरून गप्प उभे राहायचे. मनीला उचलून टबात बसवण्याचे सगळे प्रयत्न फसल्यानंतर सापडलेला हा मार्ग आहे. जानेवारीत ४.२ असलेला आकडा एप्रिलच्या या रविवारी ३.८ वर थांबला आहे. चारशे ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात, पण तो मनीच्या वजनाचा जवळजवळ दहावा हिस्सा आहे. साठ किलोंच्या माणसाचे वजन काहीही न करता तीन महिन्यांत साडेपाच-पावणेसहा किलोंनी उतरले, तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेल्याशिवाय राहणार नाहीत. मनीकडे नुसते पाहून मात्र हे कळले नसते, कारण दाट केसांखाली फासळ्या झाकल्या जातात. त्या बोटांनीच तपासाव्या लागतात. आपल्या तळहाताच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवले असता हाडे जितकी जाणवतात, तितक्याच फासळ्या जाणवल्या तर अंग ठीक आहे. मूठ आवळल्यावर वर येणाऱ्या सांध्यांसारख्या त्या टोचू लागल्या, तर मांजर खंगले आहे असे समजावे.

मांजर शिकारी असले, तरी मोठ्या जनावरांचे ते भक्ष्यही आहे, आणि आपला अशक्तपणा दिसू न देण्याची त्याची सवय माणसाच्या घरात राहूनही सुटलेली नाही. दुखणाईत मांजर ओरडत नाही, ते कपाटाखाली जाऊन बसते. म्हणून आजारांची नावे पाठ करण्याआधी आपल्या मांजराचा धडधाकट दिवस कसा जातो हे ठाऊक असायला हवे, आणि ते आठवणीत न ठेवता लिहून ठेवायला हवे, कारण रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या प्राण्यातला सावकाश होणारा बदल सर्वांत उशिरा दिसतो तो घरच्यांनाच.

[गॅलरीत कोवळे ऊन. बोका अंग चाटतो, मग झोपतो.]

बोका तीन वर्षांचा आहे आणि या सकाळी त्याची प्रकृती उत्तम आहे. जागेपणाचा मोठा भाग तो अंग चाटण्यात घालवतो, त्यामुळे त्याचे केस मऊ आणि एका दिशेला बसलेले आहेत. डोळे स्वच्छ आहेत आणि नाकाकडच्या कोपऱ्यातला पांढरट पडदा, म्हणजे मांजराची तिसरी पापणी, उघड्या डोळ्यावर आलेला दिसत नाही. झोपलेल्या बोक्याच्या कुशीवर आता कॅमेरा स्थिर आहे. छाती वर गेली आणि खाली आली की एक श्वास मोजावा. शांत झोपलेल्या निरोगी मांजराचे मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास होतात. आज बोक्याचे २२ भरले. झोपेतला हा आकडा वारंवार तिशीच्या वर जाऊ लागला, तर हृदय किंवा फुप्फुस तपासून घ्यावे. धावपळीनंतर कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो ते स्वाभाविक असते, मांजराने मात्र तोंड उघडून श्वास घेणे ही थांबायची वेळ नव्हे.

[मनी आधी स्टुलावर, मग ओट्यावर. मोरीत बादलीतले पाणी पिते.]

मनी अकरा वर्षांची आहे. पूर्वी ती फरशीवरून थेट ओट्यावर उडी मारत असे. आता आधी स्टूल, मग ओटा. चाळीतले लोक म्हणतात, म्हातारी झाली. परंतु वय हा आजार नव्हे, आणि उडीचे दोन टप्पे होणे हे पुष्कळदा सांधे दुखत असल्याचे चिन्ह असते. मोरीतल्या बादलीशी तिचे इतका वेळ उभे राहणे हेही नवीन आहे. तिच्या ट्रेमधल्या वाळूचे ओले गोळे पूर्वी लिंबाएवढे निघत, ते आता मोसंबीएवढे निघतात. मांजर जास्त पाणी पिऊ लागले आणि जास्त लघवी करू लागले, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक यांपैकी काहीतरी असण्याचा संभव असतो. पाणी पिणे चांगले, असे म्हणून तिकडे दुर्लक्ष होते.

[टॅक्सी. परडीत मनी. खिडकीबाहेर परळ.]

दादरच्या दवाखान्याकडे जाताना टॅक्सी परळवरून जाते. जुने मुंबईकर इथल्या जनावरांच्या रुग्णालयाला आजही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८०च्या दशकात ते उभे राहिले, त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव त्याला मिळाले आणि १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्या काळची मुंबई बैलांच्या आणि घोड्यांच्या पाठीवर चालत होती, त्यामुळे लोकांनी ठेवलेल्या नावात मांजराला जागा मिळाली नाही.

[दवाखान्याचे टेबल. डॉक्टरांचा अंगठा मनीच्या ओठाखाली.]

डॉक्टर प्रथम वरचा ओठ उचलतात. हिरडी फिकट गुलाबी असावी. पांढरी पडली असेल तर रक्त कमी, पिवळी असेल तर कावीळ, निळसर असेल तर प्राणवायू कमी. बोटाने दाबल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते, हे पडद्यावर संथ गतीने पाहावे. नंतर मानगुटीवरची कातडी चिमटीत उचलून सोडली जाते. ती लगेच खाली न बसता तंबूसारखी उभी राहिली, तर शरीरातले पाणी कमी झाले आहे, मात्र म्हाताऱ्या मांजराची कातडी तशीही सैल असते हे लक्षात घ्यावे लागते. कानात कॉफीच्या पुडीसारखा काळा मळ सापडला तर तो बहुधा कानातल्या किड्यांचा. ताप मात्र हाताने कळत नाही. मांजराचे नेहमीचे तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्याहून जास्त असते, आणि नाक कोरडे म्हणजे ताप, ही समजूत सपशेल चुकीची आहे.

मनीच्या रक्ताच्या आणि लघवीच्या तपासणीत मूत्रपिंडाचा जुना विकार निघाला आणि तिचा आहार बदलला.

[रात्र. मोबाइलवरचे चित्रण. बोका ट्रेमध्ये.]

हे चित्रण पुढच्या महिन्यातले आहे. बोका ट्रेमध्ये बसतो, उठतो, वाळू उकरतो, पुन्हा बसतो. अर्ध्या तासात सहा वेळा. वाळू कोरडीच आहे. घरच्यांना वाटले, पोट साफ होत नाही. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे तो खड्यांनी किंवा घट्ट स्रावाने बंद पडू शकतो, आणि लघवी पूर्ण अडली तर रक्तात पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते आणि घरातली गोळी तर मुळीच द्यायची नसते. ओट्यावर दिसणारी ही पॅरासिटामॉलची पट्टी माणसासाठी आहे. तिचे विष उतरवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते, आणि एकच गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

[पडदा दुभंगतो. डावीकडे सकाळचा बोका, उजवीकडे त्याच महिन्यातली दुपार.]

त्या रात्रीच्या आधीची दुपार आमच्या कॅमेऱ्यात होती, फक्त ती आम्हांला वाचता आली नव्हती. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक श्रेणी प्रसिद्ध केली. कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि डोक्याची ठेवण या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा अधिक झाले, तर वेदनाशामकाचा विचार डॉक्टरांनी करावा. उजवीकडे पाहावे. कान एकमेकांपासून दूर जाऊन बाहेर वळले आहेत, डोळे किलकिले आहेत, मुस्कट ताठरले आहे, मिशा सरळ पुढे आल्या आहेत आणि डोके खांद्यांच्या खाली गेले आहे. बोका त्या वेळी घुरघुरत होता, आणि त्यामुळेच आम्ही त्याला ‘मजेत आहे’ म्हणालो. दुखत असतानाही मांजर घुरघुरते.

बोक्याला नळी घालावी लागली आणि तीन दिवस तो दवाखान्यात राहिला.

[स्वयंपाकघर. दिनदर्शिकेचे पान उलटले जाते. पेन्सिल.]

जूनचे पान लागले आहे. पहिल्या रविवारी टबात बोंबलाऐवजी डॉक्टरांनी सांगितलेल्या खाण्याचे चार दाणे टाकले होते. मनी आत शिरायला बराच वेळ घेते. चौकटीत लिहिले आहे: दूध १ लिटर. म ३.९. बो ४.८, लघवी ३ वेळा.